एक, दोन, तीन, चार, श्वास

लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेलेली मराठी बाई तिथे काय काय शिकते, यावर आपल्या दिवाळी अंकांत पुष्कळ लिहून झालं आहे. ती डिशवॉशर लावायला शिकते, बर्फात न घसरता चालायला शिकते, नातवाला कारच्या सीटमध्ये जखडायला शिकते. मी माणसाच्या मांडीत सुई खुपसायला शिकले.

त्या दिवशी माणसाच्या जागी संत्रं होतं. कॅनडात व्हँकुव्हरला लागून बर्नाबी नावाचं शहर आहे. तिथल्या वाचनालयाच्या एका खोलीत आम्ही अकरा जण गोल बसलो होतो. प्रत्येकाच्या हातात एक संत्रं, आणि पुढ्यात एक काळी डबी. चष्म्याच्या डबीहून थोडी मोठी, चेन लावलेली, वर क्रॉसची खूण. आत तीन काचेच्या अँप्युल, तीन सिरिंज, हातमोजे आणि तोंडाने श्वास देताना मध्ये धरायचा प्लास्टिकचा पडदा. अँप्युलच्या मानेत अडकलेला थेंब टिचकी मारून खाली आणायचा, मानेवर टोपण चढवायचं आणि आपल्यापासून लांब ढकलत ती मोडायची. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. माझी पहिली अँप्युल नको तिथे फुटली. दुसरी बरोबर मोडली. मग संत्र्यात सुई. माझं सासर नागपूरचं, त्यामुळे संत्र्याची ही गत पाहून आमच्या सासूबाई काय म्हणाल्या असत्या, हा विचार मनात येऊन गेलाच.

शिकवणारी बाई चाळिशीची. तिच्या हातांवर जुन्या सुयांचे व्रण होते. ते तिने लपवले नव्हते, आणि दाखवायचा सोसही केला नव्हता.

तिथे मला पाठवलं जावयाने. तो बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर आहे. त्याच्या ऑफिसात आग विझवायच्या सिलिंडरशेजारी अशीच डबी खिळ्याला टांगलेली मी पाहिली आणि विचारलं, ही कशाची? तो म्हणाला, “आई, कुणी ओव्हरडोस होऊन पडला तर लागते. अर्ध्या तासाचं शिक्षण असतं. तुम्ही पण घेऊन टाका.” रेशन कार्डाचा फॉर्म भरून टाका, म्हणावं तितक्या सहजपणे.

सहजपणे, कारण तिथे हे आता रोजचं झालं आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या वर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून बरीच कमी. १४ एप्रिल २०१६ रोजी या प्रांताने अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने होणाऱ्या मृत्यूंसाठी आरोग्य आणीबाणी जाहीर केली. तेव्हापासून २०२४ अखेर सोळा हजारांहून जास्त माणसं गेली. एकट्या २०२३ मध्ये अडीच हजारांच्या वर, २०२४ मध्ये २,२५३. रोजचे सहा-सात. आपल्या डोळ्यांपुढे फुटपाथवर पडलेला माणूस येतो, पण यातले बहुतेक जण चार भिंतींच्या आत मेले. स्वतःच्या खोलीत, बाथरूममध्ये, दार लावून. त्यात सुतार, वेल्डर, ट्रकवाले खूप. पाठ दुखते म्हणून डॉक्टरने दिलेल्या गोळीपासून सुरुवात, गोळी बंद झाल्यावर बाजारातली पुडी, आणि पुडीत हेरॉइनच्या जागी केव्हा फेंटानिल आलं ते घेणाऱ्यालाही कळलं नाही. फेंटानिल हेरॉइनच्या साधारण पन्नासपट जहाल असतं. पुडी बांधणाऱ्याकडे औषधाच्या कारखान्यातला काटा नसतो, एका पुडीत चिमूटभर जास्त पडलं की संपलं.

आता थोडं शरीराबद्दल, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. अफूच्या कुळातली सगळी द्रव्यं, म्हणजे अफू, मॉर्फिन, हेरॉइन, आपल्याकडचा गर्द, खोकल्याच्या औषधातलं कोडीन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल, मेंदूतल्या एकाच प्रकारच्या जागांवर जाऊन बसतात. तिथे बसली की वेदना शमते, आणि तिथेच बसून ती श्वासाचं केंद्रही झोपवतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदू ‘श्वास घे’ असा हुकूम सोडतो. मात्रा जास्त झाली की हा हुकूमच सुटेनासा होतो. बुडणारा माणूस हातपाय मारतो, याला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. धडपड नाही, आरडाओरडा नाही. घोरल्यासारखी घरघर येते आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं, झोपला एकदाचा. हृदय मात्र बराच वेळ चालू असतं. म्हणजे माणूस मेलेला नसतो. त्याला फक्त कुणीतरी श्वास द्यायला हवा असतो.

डबीतल्या अँप्युलमधलं नॅलोक्सोन हे औषध करतं काय, ते मला एसटीच्या भाषेत कळलं. सीटवर बसलेल्या फेंटानिलला ते उठवतं आणि स्वतःचा रुमाल टाकतं. दोन-तीन मिनिटांत माणूस श्वास घ्यायला लागतो. पण रुमाल तासा-दीड तासात, कधी त्याच्याही आत उडून जातो, आणि उठवलेला प्रवासी खाली उतरलेला नसतो, गाडीतच उभा असतो. तो परत येऊन बसू शकतो. म्हणून डोळे उघडले, उठून बसला, ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी त्याला एकटं सोडायचं नाही. बहुतेक वेळा तो ठीक आहे असं म्हणतही नाही, शिव्या देतो, कारण नशा एका क्षणात उतरून अंगात टर्कीचं, म्हणजे नशा तुटल्याचं, दुखणं उभं राहिलेलं असतं. तुम्ही त्याचा जीव वाचवला आणि तो विचारतो, माझे पैसे का वाया घालवलेत? शिकवणारी बाई हे सांगताना हसली. तिने स्वतः असं विचारलं होतं म्हणे.

एवढं ऐकेपर्यंत मी विद्यार्थिनी होते. मग ती म्हणाली, “व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत धोक्याचे.” आणि मी बर्नाबीतून थेट लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर गेले.

१९८७ साल. गिरण्यांचा संप होऊन पाच वर्षं झाली होती. गिरण्यांचे भोंगे बऱ्याच ठिकाणी बंद पडले होते आणि कोपऱ्याकोपऱ्यावर गर्द आला होता. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाला त्याची सवय लागली. सिगरेटच्या पाकिटातली पन्नी काढून त्यावर पावडर ओढायची, खालून काडी पेटवायची, हे आम्ही पोरींनीही जिन्याखाली चोरून पाहिलं होतं. घरातली भांडी गेली, आईचं मंगळसूत्र गेलं. मग त्याला एका केंद्रात ठेवलं. महिन्याने परत आला तेव्हा गालांवर मांस आलं होतं. त्याच्या आईने मजल्यावर पेढे वाटले. दहाव्या की बाराव्या दिवशी तो सकाळी संडासात गेला, तो बाहेर आलाच नाही.

दार तोडलं. तो भिंतीला टेकून बसला होता, ओठ जांभळे, आणि अधूनमधून घरघर येत होती. हे मला पक्कं आठवतं, कारण कुणीतरी म्हणालं, “जिवंत आहे, घोरतोय.” मग सगळ्यांनी सगळं केलं. पाणी मारलं, कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, थोबाडीत मारल्या, दोघांनी काखेत हात घालून चालवायचा प्रयत्न केला. कुणीतरी लिंबू पिळलं तोंडात. टॅक्सी आणू या म्हटल्यावर वडीलधाऱ्यांत कुजबुज झाली, पोलीस केस होईल, बाकीच्या पोरांनाही उचलतील. या चर्चेत पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. इस्पितळात पोहोचेपर्यंत घरघर थांबली होती. कागदावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहून आलं. खोटं नव्हतं ते. हृदयक्रिया सगळ्यांचीच शेवटी बंद पडते.

चाळ म्हणाली, पोरगं सुधारलं नाही. सदतीस वर्षं मीही तसंच धरून चालले होते. बर्नाबीत कळलं की तो मेला याचं एक कारण तो महिनाभर सुधारला होता, हे होतं. रोज घेणाऱ्याचं शरीर मात्रेला सरावतं. महिनाभर बंद ठेवलं की सराव मोडतो, पण हाताला आठवते ती जुनीच मात्रा. जी पुडी महिन्यापूर्वी नुसती तलफ भागवायची, ती आता श्वास बंद करते. त्यात दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर आणखी लवकर. तुरुंगाचंही तेच. व्हँकुव्हरच्या सीमेपलीकडे अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आहे. तिथल्या तुरुंगांतून सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा ओव्हरडोसने मृत्यू होण्याचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १२९ पट निघाला. स्कॉटलंडने २०११ मध्ये नॅलोक्सोनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाच्या हातात त्याच्या कपड्यांबरोबर ही डबीही द्यायला सुरुवात केली, ती याच कारणाने.

औषध तसं जुनं आहे. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन या दोघांनी नॅलोक्सोन शोधलं, १९६१ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९७१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मग पंचवीस वर्षं ते ऑपरेशन थिएटरात आणि कॅज्युअल्टीत राहिलं. म्हणजे जिथे माणूस आधीच वाचण्याच्या बेतात असतो तिथे. १९९६ च्या सुमारास शिकागोत डॅन बिग नावाच्या कार्यकर्त्याने ते नशा करणाऱ्यांच्याच हाती द्यायला सुरुवात केली. हिशेब साधा होता. माणूस पडतो तेव्हा त्याच्याजवळ डॉक्टर नसतो, नशेतला मित्र असतो, आई असते, बायको असते. डॉक्टरांनी नाकं मुरडली, अडाणी माणसं सुई काय टोचणार म्हणून. टोचली त्यांनी, आणि माणसं उठली. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही लेखी शिफारस केली, की ओव्हरडोस पाहण्याची वेळ ज्यांच्यावर येऊ शकते त्यांना नॅलोक्सोन मिळालं पाहिजे आणि वापरायला शिकवलं पाहिजे. अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताने त्याच वर्षी १ जूनपासून, जिथे कामगाराला ओव्हरडोसचा धोका आहे अशा कामाच्या ठिकाणी ते ठेवणं मालकावर बंधनकारक केलं.

या इतिहासातल्या दोन मृत्यूंनी मला झोप लागू दिली नाही. फिशमन यांचा सावत्र मुलगा २००३ मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. आणि डॅन बिग स्वतः २०१८ मध्ये ओव्हरडोसनेच गेले. हे औषध स्वतःला टोचून घेता येत नाही. टोचायची वेळ येते तेव्हा माणूस शुद्धीवर नसतो. सोबत कुणी नसेल तर खिशातली डबी खिशातच राहते.

व्हँकुव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइडमध्ये हे लोकांना आधी कळलं आणि सरकारला नंतर. मेन आणि हेस्टिंग्ज या दोन रस्त्यांचा चौक. एका दुपारी पावसात मी तिथे गेले, एका स्वयंसेवक मुलीबरोबर. खोटं कशाला बोलू, घाबरले. माणसं कमरेत वाकून, डोकं गुडघ्यांपाशी, अशी उभ्या उभ्या झोपलेली. जमिनीवर ताडपत्र्या, त्यांवर विकायला मांडलेल्या जुन्या चपला, चार्जर, अर्धी शांपूची बाटली. आणि जवळपास प्रत्येक पिशवीला ती काळी डबी, लटकन असावं तशी. तिथून काही पावलांवर ‘इनसाइट’ आहे. आपापला माल घेऊन यायचं, आरशासमोरच्या कप्प्यात बसून टोचायचं, नर्सचं लक्ष असतं, श्वास थांबला तर ती धावते. २००३ मध्ये उघडलेलं हे उत्तर अमेरिकेतलं पहिलं असं केंद्र. केंद्र सरकारने ते बंद पाडायचा प्रयत्न केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० सप्टेंबर २०११ रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी ते चालू ठेवायचा निकाल दिला.

पण फेंटानिल आल्यावर एक केंद्र कुठे पुरणार. सप्टेंबर २०१६ मध्ये सारा ब्लाइथ, अ‍ॅन लिव्हिंगस्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथल्याच एका गल्लीत तंबू ठोकला. परवानगी नव्हती. टेबल, खुर्च्या, नॅलोक्सोन आणि लक्ष ठेवायला माणसं. अधिकाऱ्यांनी येऊन तंबू उखडण्याऐवजी डिसेंबरात आरोग्यमंत्र्यांच्या आदेशाने अशी केंद्रं प्रांतभर सुरू झाली. बेकायदा तंबूला सरकारने स्वतःचं करून घेतल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

तरी मी तिथून भारावून परत आले, असं लिहिणार नाही. चौकातला दुकानदार वैतागलेला आहे आणि त्याचा वैताग खरा आहे. अल्प प्रमाणात अमली पदार्थ जवळ बाळगणं गुन्हा न मानण्याचा प्रयोग प्रांताने २०२३ मध्ये सुरू केला आणि सार्वजनिक जागांपुरता २०२४ मध्ये मागे घेतला. नॅलोक्सोनने व्यसन सुटत नाही, घर मिळत नाही, डोकं ठिकाणावर येत नाही. दुपारी वाचलेला माणूस त्याच रात्री परत पडू शकतो. त्या स्वयंसेवक मुलीला मी हे विचारलं. ती म्हणाली, “पडतो ना. मग परत उठवतो.”

परत आल्यावर पुण्यात मी चार औषधांच्या दुकानांत नॅलोक्सोन मागितलं. तिघांनी नाव दोनदा विचारलं. चौथे गृहस्थ जुने, म्हणाले, “ते ओटीत असतं बाई, भूलतज्ज्ञ वापरतात. तुम्हाला कशाला?” बरोबर आहे त्यांचं. ते आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, पण चिठ्ठीचं औषध आहे, इंजेक्शन आहे, आणि चिठ्ठी लिहून मागणारा कुणी नाही. अमेरिकेत १९७१ ते १९९६ जे होतं, तिथे आपण आज आहोत.

आपल्याकडे हा प्रश्नच नाही, असं कुणी म्हणू नये. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अफूच्या कुळातले पदार्थ वापरणारे सुमारे २ कोटी २६ लाख निघाले. सुईने नशा करणारे साडेआठ लाख. ज्या मोजक्या राज्यांत या व्यसनाचे निम्म्याहून जास्त रुग्ण आहेत त्यांत पंजाब, उत्तर प्रदेश यांच्याबरोबर महाराष्ट्राचं नाव आहे. आपल्या बातम्यांत सध्या सगळीकडे एमडी, म्हणजे मेफेड्रोन, आहे, कुरकुंभच्या कारखान्यापासून कॉलेजच्या गेटपर्यंत. एमडी उत्तेजक आहे, त्यावर नॅलोक्सोनचा उपयोग नाही. पण एमडीच्या गोंगाटात गर्द गेलेला नाही, मालेगावची कुत्ता गोळी म्हणजे झोपेचीच गोळी आहे, आणि गर्दावर ती पडली तर काय होतं ते वर लिहिलं आहे. ओव्हरडोसचे मृत्यू गुन्हे नोंदणीच्या राष्ट्रीय आकडेवारीत वर्षाला सहाशे-सातशेच्या घरात दिसतात. दोन कोटींवर वापरणाऱ्यांच्या देशात हा आकडा मला पटत नाही. आमच्या मजल्यावरचा तो मुलगा कुठल्याच आकड्यात नाही.

इंफाळने हे आपल्या आधी ओळखलं. म्यानमारची सीमा जवळ, हेरॉइन सुईने घेणं जुनं, एचआयव्हीने घरंच्या घरं ओस पाडलेली. तिथे व्यसनातून बाहेर आलेल्यांनीच १९९१ मध्ये ‘सासो’ ही संस्था काढली. त्या भागात गल्लीबोळांत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी नॅलोक्सोन टोचून माणसं परत आणली आहेत. म्हणजे हे परदेशी खूळ नाही, भारतातच झालेलं काम आहे. आणि महाराष्ट्रात तर १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ उभं केलं. गर्दुल्ल्याला माणूस म्हणून पाहायला मराठी समाजाला ज्यांनी शिकवलं, त्यांत ही नावं पहिली. व्यसन सोडवायची आपली परंपरा चांगली आहे. सुटलेलं व्यसन पुन्हा लागलं त्या दिवशी काय करायचं, याची तयारी मात्र घराघरांत नाही. केंद्रातून घरी जाणाऱ्याच्या आईला डिस्चार्ज कार्डाबरोबर अर्ध्या तासाचं शिक्षण आणि दोन अँप्युल द्याव्यात, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी कायद्याची. कॅनडाने २०१७ मध्ये कायदा केला, की ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्यावर आणि तिथे हजर असलेल्यांवर अमली पदार्थ जवळ असल्याचा साधा गुन्हा लावला जाणार नाही. आपल्याकडे रस्त्यावरच्या अपघातात धावून जाणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षण दिलं. संडासात पडलेल्या मित्राला उचलणाऱ्याला १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात तसं कलम नाही. चाळीतली ती वीस मिनिटांची कुजबुज अजून जशीच्या तशी होऊ शकते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर औषध हातात नसलं तरी करता येतं ते सांगते. मोठ्याने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात घासा. उठत नाही, ओठ-नखं निळी किंवा राखाडी, श्वास दहा-दहा सेकंदांनी किंवा नाहीच, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तर तो झोपलेला नाही. फोन करा. मग डोकं मागे कलंडवा, हनुवटी वर, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने श्वास द्या. एक, दोन, तीन, चार, श्वास. एक, दोन, तीन, चार, श्वास. छाती वर उचललेली दिसली पाहिजे. सोसायट्यांत हल्ली छातीवर दाब द्यायचं शिकवतात, ते चांगलंच आहे आणि नाडी थांबली तर तेही करायचं. पण इथे आधी थांबलेला असतो तो श्वास. श्वास परत आला की कुशीवर वळवा, उताणा ठेवू नका. २००२ मध्ये मॉस्कोच्या नाट्यगृहात अतिरेक्यांविरुद्ध फेंटानिलच्या कुळातला वायू सोडला होता, त्यात सुमारे १३० ओलीस गेले. त्यातले कितीतरी बाहेर काढल्यावर उताणे ठेवल्यामुळे जीभ मागे पडून, उलटीने गुदमरून गेले. पाणी, दूध, लिंबू, कांदा, मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन, यातलं काही नको.

आणि फोनबद्दल. महाराष्ट्रात १०८ ला फोन लागला की पहिल्या वाक्यावर पुष्कळ अवलंबून असतं. ‘गर्दुल्ला आहे’, ‘पिऊन पडलाय’ यातलं काही बोलू नका. काय घेतलं ते डॉक्टर आले की त्यांना खरं खरं सांगा. फोनवर आधी पत्ता सांगा, आणि मग एवढंच म्हणा: माणूस श्वास घेत नाहीये, लवकर या.